भटक्या कोळ्याची शेवटची कात

माझी नजर चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं मी साड्यांचं धागा कटिंग करते आहे. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत असतात. ते छोट्या कातरीने एकेक करून कापायचे आणि खालच्या कापडाला कातरीचं टोक लागू द्यायचं नाही, एवढंच ते काम. एवढंच म्हणते खरी, पण करून बघा. साड्यांची गठडी पोचवणारा माणूस आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बायकांच्या साड्या दारातच उलगडून तपासतो, माझ्या मात्र बांधलेल्या तशाच उचलतो. "बेन, तमारुं जोवानुं न होय," म्हणतो. तुमचं काय बघायचं! हे ऐकलं की मला दिवसभर छान वाटतं, आणि ते मी कोणापासून लपवत नाही.

आमचं घर सुरतेजवळ सचिन गावात, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे. दोन खोल्या आमच्या, भिंतीला भिंत लागून दोन खोल्या धाकट्या दिराच्या, आणि पुढचा ओटा दोन्ही घरांत मिळून एकच. हे इथेच लूमवर आहेत, दीर रोज कतारगामला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात जातात. आम्ही दोघी जावा सकाळी पोळ्या उरकल्या की ओट्यावर गठडी सोडून बसतो. मूळचे आम्ही शहाद्याकडचे. घरात अजून अहिराणीच चालते, मुलं मात्र आपसात गुजराती बोलतात.

कोळ्यांचा नाद लागला तोही गठडीतूनच. एकदा एका निळ्या साडीच्या घडीतून एक कोळी बाहेर आला आणि ओट्यावर धावायला लागला. धाकटी जाऊ किंचाळून रस्त्यावर उतरली. मी स्टीलचा डबा रिकामा करून त्याच्यावर उपडा घातला आणि मग उगाच कुतूहल म्हणून डबा उचलून नीट बघितलं. आठ डोळे. आठही माझ्याकडे. मुलीने लग्न होऊन जाताना तिचा जुना मोबाईल मला ठेवला होता, त्यावर फोटो काढला. मुलीला पाठवला तर तिने मला कोळी पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्येच घालून टाकलं. दक्षिणेतल्या एका कॉलेजात कोळ्यांवर काम करणाऱ्या एक मॅडम त्या ग्रुपात होत्या. त्यांनी माझ्या कोळ्याचं नाव, गाव, खाणंपिणं सगळं सांगितलं. सहा महिन्यांत माझ्या फळीवर ड्रायफ्रूटचे बारा पारदर्शक डबे उभे राहिले, झाकणाला भोक पाडून त्यावर ओढणीची जाळी चिकटवलेली.

पण माझा जीव जडला तो भटक्या कोळ्यांवर. हे जाळं विणून बसत नाहीत. पाचोळ्यात, केळीच्या बुंध्याशी, ओलाव्याला फिरत राहतात आणि समोर झुरळ किंवा नाकतोडा आला की झडप घालतात. धागे पसरून वाट बघत बसणं त्यांना मान्य नाही. दिवसभर धाग्यांत बुडालेल्या बाईला असा प्राणी आवडला तर त्यात नवल काय? घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मी डबा दाखवून ठासून सांगायचे, "या जातीला धाग्याचं काही देणंघेणं नाही." त्यांनी टाकलेली कात मला सकाळी नेहमी डब्याच्या तळाशी मिळायची. ती तळाशी कशी येते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. इथे मी शहाणपणाचा आव आणणार नाही. पडायला हवा होता.

भटके कोळी सचिनच्या सिमेंटमध्ये मिळत नाहीत. त्यांच्यासाठी मी चलथाणला जाते. माझी मोठी बहीण तिथे असते, मेहुणे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरामागे कालवा, कालव्याच्या अलीकडे ऊस आणि बांधावर केळीची रांग. दिवेलागणीला कपाळावर टॉर्च बांधून, पायात ह्यांचे गमबूट चढवून मी बांधावर उतरते. उजेड आपल्या डोळ्यांच्या रेषेत असला की पाचोळ्यातल्या कोळ्याचे डोळे उलटून चमकतात. दवही चमकतं, पण दवाची चमक पांढरी आणि लुकलुकती असते. डोळ्यांची हिरवट आणि अगदी स्थिर. नवीन माणूस दवालाच फसतो. बहीण ओट्यावरून दर वेळी ओरडते, "तुले सापनं भ्याव नही लागस का?" मी म्हणते, साप माझ्या गमबुटांना घाबरतात.

तो कोळी मला आषाढात मिळाला, तिसऱ्या केळीच्या बुंध्याशी, वाळक्या पानाखाली. पाय पसरल्यावर छोट्या पुरीएवढा. तपकिरी अंग, पाठीवर दुधी पट्टा. असे पट्टेवाले मी आधी पाहिले होते. पण याच्या पट्ट्याची कड सरळ नव्हती, पिको न केलेल्या कापडासारखी दातेरी होती. मी जागच्या जागी म्हटलं, हा वेगळा आहे. डब्यात घेताना माझा हात थरथरला नाही, हेही सांगून ठेवते.

फोटो पाठवल्यावर मॅडम सहसा संध्याकाळी उत्तर देतात. त्या दिवशी पाच मिनिटांत त्यांचा आवाज आला, "दीदी, ये कहाँ मिला?" मग त्यांनी समजावून सांगितलं. अशी कड असलेली एक जात आहे, ती फार थोड्या वेळा मिळाली आहे आणि तीही इथून लांब, डोंगरातल्या रानात. आपल्या बाजूला ती कोणी पाहिलेली नाही. हा तोच असू शकतो, पण फोटोवरून ठरणार नाही. तोंडाजवळच्या दोन आखूड हातांची टोकं फुगलेली दिसत होती, म्हणजे हा नर आहे आणि वयात येण्याआधी त्याची एकच कात उरली आहे. ती कात टाकली की त्या टोकांची घडण उघडी पडते, आणि जात ठरते ती तिच्यावरूनच. ती ठरली तर हा कोळी कॉलेजच्या संग्रहात बाटलीत राहील आणि बाटलीत एक चिठ्ठी असेल. कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणाला मिळाला.

कोणाला मिळाला. खरं सांगते, मला त्या चिठ्ठीवर माझं नाव हवं होतं. घर सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल ह्यांच्या नावावर. मी साफ केलेल्या साड्या कुठे कुठे नेसल्या जातात देव जाणे, पण त्यांच्यावर शिक्का व्यापाऱ्याचा. आमच्याकडे कानबाईच्या सणाला रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढतात तेसुद्धा घरातल्या बाप्यांची नावं घेऊन, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. मी तक्रार करत नाही, रीत आहे. पण लांबच्या एका कॉलेजातल्या कपाटात, एका बाटलीत, माझं नाव मी मेल्यानंतरही राहील, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग काही केल्या निघेना.

आता माझ्या जावेबद्दल. ती बावीस वर्षांपूर्वी या घरात आली आणि पहिल्या दिवसापासून आमचं एकमेकींवाचून चालत नाही आणि एकमेकींशी पटतही नाही. तिला पाल चालते, उंदीर चालतो, कोळी चालत नाही. माझ्या फळीखालून ती पदर डोक्यावर घेऊन जायची. मी मुद्दाम तिच्यासमोर झुरळं पकडून डब्यात सोडायचे. ती म्हणायची, बायका देवघर मांडतात, आमच्या ताईंनी हे मांडलंय. मी हसायचे. खरं तर बोलणं बिनतोड होतं, पण तिला तसं कशाला सांगा?

श्रावण आला आणि त्याच्याबरोबर कानबाई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची दिवाळीपेक्षा मोठी गोष्ट. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. त्याआधी घर वरपासून खालपर्यंत धुऊन, रंगवून, जाळीजळमटं काढून लख्ख करायचं. यंदा पाळी आमच्या घराची होती. म्हणजे पंधरा-वीस माणसं येणार, त्यांची पोरं येणार, झाडू येणार, चुना येणार, आणि माझ्या फळीवर एक कोळी शेवटची कात टाकायच्या बेताला आलेला.

त्याने खाणं सोडलं होतं, अंगाचा रंग गडद झाला होता. ही कात टाकायची लक्षणं. मी घरात फर्मानं काढली. फळीला कोणी हात लावायचा नाही. फळीखाली चुना लावायचा नाही, मी स्वतः लावीन. पोरांनी त्या खोलीत खेळायचं नाही. ह्यांनी विचारलं, "कानबाई बशी का नही आते, का तिना जागावर बी कोळीच?" मी म्हटलं, कानबाईला काही हरकत नसेल, हरकत फक्त तुमच्या भावजयीला आहे. मॅडमचाही निरोप आला, "दीदी, अब डिब्बा मत खोलना. हिलाना भी मत." मी तो अर्धाच ऐकला. असल्या सूचना नवख्यांसाठी असतात, असं माझं मत होतं.

शुक्रवारी सकाळी मी डब्याचा फोटो काढून मॅडमना पाठवला. दुपारी ओट्यावर गठडी संपवत बसले. गठडीवाल्याने निक्षून सांगितलं होतं, "काले सवारे जोइशे," उद्या सकाळी हवंच, आणि मलाही कानबाईआधी काम हातावेगळं करायचं होतं. नजरेसमोर राहावा म्हणून डबा शेजारी आणून ठेवला होता. त्यातला कापूस सुकल्यासारखा वाटला. झाकण उघडलं, बोटाने पाण्याचे चार थेंब सोडले. कोळी सालीच्या तुकड्याखाली गप्प बसून होता. वर, झाकणाच्या कडेपासून सालीपर्यंत, दोन-तीन धागे आडवेतिडवे लोंबत होते आणि त्यांचा एक गुंता झाला होता. कातर हातात होतीच. धागे कापले, गुंता टोकाने उचलून फुंकरीने उडवला, झाकण लावलं. पुढची साडी मांडीवर घेईपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

शनिवारी साफसफाई आणि दळण. जाऊ फडकं घेऊन माझ्या खोलीत दोनदा शिरलेली मी पाहिली.

रविवारी सकाळी आंघोळ करून फळीशी गेले तर कोळी तळाला पडला होता. पाठीवर. वरचं कवच उघडलेलं, अंग अर्धं बाहेर आलेलं, आणि आठही पाय जुन्या कातीतच अडकून वाकलेले. तोंडाजवळचे दोन हात अंगाखाली चेपले गेले होते. मी डबा हलवला. मग पुन्हा हलवला.

मला रडू आलं नाही, राग आला. तो मला नेहमीच आधी येतो. घर माणसांनी भरलेलं होतं, चुलत सासवा पुरण वाटत होत्या. मी डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर जावेला म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? फडकं मारताना फळी हलवलीस. सांगितलं होतं ना, त्या खोलीत पाऊल टाकू नको म्हणून!"

तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. ती उठून उभी राहिली. "म्या त्याले हात बी नही लावा, ताई."

"मग काय आपोआप मेला?"

"कानबाईनी आन, म्या हात नही लावा."

कानबाई पुढच्या खोलीत बसायची होती त्या दिवशी तिने तिची शपथ घेतली, तरी मी ऐकलं नाही. आणखीही बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही, पण तिला कोळी कधी आवडलेच नाहीत इथपासून सुरू करून मी तिच्या माहेरापर्यंत गेले. ती रडली. पंधरा-वीस माणसांच्या घरात, सणाच्या दिवशी, खाली मान घालून रडली आणि पुन्हा पुरण भरायला बसली.

मी मेलेल्या कोळ्याचा फोटो मॅडमना पाठवला आणि लिहिलं की घरच्या लोकांनी धक्का दिला. अर्ध्या तासाने त्यांचा आवाज आला. त्यांनी शुक्रवारचा माझा फोटो मोठा करून पाहिला होता. "दीदी, इसमें ऊपर धागा बंधा था. वो धागा कहाँ गया?"

मग त्या शांतपणे सांगत गेल्या. भटका कोळी जाळं विणत नाही, पण कात टाकायच्या वेळी तो एक आधार बांधतो आणि त्याला उलटा लोंबतो. लोंबल्यावर अंगाच्या भाराने पाय जुन्या कातीतून सुटतात. आधार नसला आणि नवा बांधायला वेळ किंवा ताकद उरली नसली, तर तो खालीच कात टाकायला बघतो आणि त्यातच अडकतो. धक्क्याने असं होत नाही. दोन हातांची टोकं चेपली गेल्यामुळे जातही ठरणार नाही.

मी ते दोनदा ऐकलं. शुक्रवारची दुपार, बोटाने सोडलेले थेंब, कातर, फुंकर, सगळं एकदम आठवलं. मी तिथेच गव्हाच्या गोणीवर बसले. साडीवर लोंबता धागा दिसला की माझा हात विचारत नाही, कापतो. त्याच हाताची मी आयुष्यभर बढाई मारली होती.

आता हेही सांगितलं पाहिजे की मी दोन तास गप्प बसले. मॅडम लांब होत्या, घरातल्या कोणाला त्यांचं हिंदी ऐकू गेलं नव्हतं, आणि जावेशी माझी भांडणं काय पहिल्यांदा होत होती? चार दिवसांत ती विसरेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. स्वयंपाकघरातून तिच्या लाटण्याचा आवाज येत होता. एरवी पोळ्या लाटताना ती कोणाशी ना कोणाशी बोलत असते. त्या दिवशी नुसतं लाटणं ऐकू येत होतं.

रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात, बाहेरच्याला त्यातला घासही देत नाहीत. सगळे पंगतीला बसले. मी ताटावर बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "हिनी काईच चूक नही. धागा म्या कापा. कोळी मन्हामुळे मरना, आन मी हिले नको ते बोलनी."

मग एक चुलत सासरे म्हणाले, एवढ्याशा कोळ्यासाठी काय चाललंय हे, आणि पंगत हसली. हे मात्र हसले नाहीत. जाऊ तूप वाढत होती. तिने माझ्या ताटात तूप वाढलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली.

पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ओट्यावर शेजारी बसायची, पण गठडी आमच्यामध्ये ठेवायची. मला ते खुपत होतं. बोलून मोकळं व्हायची माझी सवय, पण माफी मागून झालेली असते तेव्हा आणखी काय बोलायचं, हे मला येत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी गमबूट पिशवीत घालून चलथाणला निघाले, तर ही चपला घालून दारात उभी. "मी बी येस," म्हणाली. मी थक्क झाले. मला म्हणते, "तुम्ही दुसरा कोळी आनशात, तो मरना म्हणजे त्यानं बी नाव मन्हावरच येई. आते काय व्हस ते मी मन्हा डोयाघाई देखस." म्हणजे मी आणखी एक कोळी मारून तिच्यावर ढकलणार, म्हणून ती पहारा करायला येत होती. मला हसू आलं, आणि खूप बरंही वाटलं. मी तिच्यासाठी जुना टॉर्च घेतला.

केळीच्या बांधावर मी माझी जागा धरली. तिसरी केळ, वाळकी पानं, सगळं पुन्हा तपासलं. काही नाही. अंधारून यायला लागलं होतं. जाऊ कालव्याच्या बाजूला, पदर खोचून, टॉर्च कपाळावर, एका जागी उभी राहून बघत होती. मला वाटलं घाबरून पुढे येत नसेल.

"ताई, आठे या. दोन हिरवा डोया चमकी ऱ्हायनात."

"दव असेल गं," मी वळूनही न बघता म्हटलं.

"दव नही, ताई. धागा मी बी कापस."

मी तिच्याजवळ गेले. तिच्या उजेडात पानाच्या देठाशी तो बसला होता. दुधी पट्टा, कड दातेरी, तोंडाजवळच्या हातांची टोकं फुगलेली. तिला हे काही माहीत नव्हतं. तिने फक्त पाहिलं होतं, आणि बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून धागे कापणाऱ्या बाईची नजरही माझ्यासारखीच असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. गठडीवाला तिच्या साड्या रोज उलगडून तपासतो, आणि त्याला त्यात कधी काही सापडल्याचं मला आठवत नाही.

त्या कोळ्याचा डबा तिने तिच्या खोलीत ठेवला. होय, तिच्या. मला डब्याजवळ जायचं असलं की दारात हात पुढे करायची, "तुम्हनी कातर आठे द्या." मी कातर द्यायचे आणि मगच आत जायचे. ह्यांना यात फार मजा वाटायची. मला पहिल्या दिवशी राग आला, दुसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तर मी कातर ओट्यावर ठेवूनच जाऊ लागले, तरी ती माझे दोन्ही हात बघून घ्यायची.

गणपती उठल्यावर आठवड्याने, दुपारी, तिने मला नुसत्या हाताने खुणावलं. डब्यात वरच्या जाळीपासून धागे उतरले होते आणि तो त्यांना उलटा लोंबत होता. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. आधी डोक्यावरचं कवच झाकणासारखं उघडलं. मग अंग सावकाश खाली सरकलं आणि एकेक पाय कातीतून निघायला लागला, फिकट, ओला, मऊ. दुसऱ्या बाजूचा एक पाय थोडा वेळ अडकला तेव्हा जावेने माझं मनगट धरलं. मी काही करू नये म्हणून धरलं की तिलाच भीती वाटली म्हणून, ते मी विचारलं नाही. पाय सुटला. तेवढ्यात गठडीवाला दारात येऊन "बेन!" म्हणून ओरडला. जावेने त्याला असं डोळे वटारून गप्प केलं की तो चपला काढून आत आला आणि आमच्यामागे उकिडवा बसून तोही बघत राहिला. साड्या त्या दिवशी तयार नव्हत्या. "काले लई जईश," उद्या नेईन, एवढंच म्हणाला आणि हळू पावलांनी गेला.

मॅडमना मी साफ सांगितलं, हा वयात आलेला आहे, पण मी त्याला मारून पाठवणार नाही. आयुष्य थोडंच उरतं यांचं, ते संपेल तेव्हा घेऊन जा. त्यांनी मान्य केलं. दिवाळीनंतर थंडीच्या सुरुवातीला तो गेला. जावेने मेडिकलमधून स्पिरिट आणलं. पुढच्या महिन्यात मॅडमचं काहीतरी काम सुरतेत निघालं आणि त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी समजत होते त्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान निघाल्या. त्यांनी भिंगाखाली दोन हातांची टोकं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मान वर करून हसल्या. तीच जात होती, आणि आपल्या बाजूला पहिल्यांदाच.

त्यांनी एक छोटी चिठ्ठी काढली. पेन्सिलीने लिहायची, स्पिरिटात शाई विरघळते. चलथाण लिहिलं, केळीचा बांध लिहिलं, तारीख लिहिली. मग माझ्याकडे बघितलं. "दीदी, आपका पूरा नाम?"

मी लगेच उत्तर दिलं असं म्हणून मोठेपणा घेणार नाही. जाऊ चहा घेऊन दारात उभी होती आणि तिने मला आधीच मान हलवून सांगून टाकलं होतं, तुमचंच लिहा. मॅडमना काही कळलं नसतं. नाव जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मला नाही मिळाला," मी म्हटलं. "हिला मिळाला."

मॅडमनी पेन्सिल तिच्याकडे वळवली. जावेने चहाचा ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि एक नाव सांगितलं. मी चमकून बघितलं. या घरात त्या नावाचं कोणी नव्हतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून तेच चालतं. तिने सांगितलं ते त्याआधीचं, तिच्या आईबापांनी ठेवलेलं. बावीस वर्षं एका ओट्यावर काढली, आणि ते मी पहिल्यांदा ऐकत होते. मॅडमनी एकेक अक्षर विचारून लिहिलं आणि चिठ्ठी बाटलीत सोडली. जावेने बाटली उजेडात धरून स्वतःचं नाव दोन-तीनदा वाचलं.

मॅडम गेल्यावर आम्ही गठडी सोडून बसलो. ती आता आमच्यामध्ये नव्हती, बाजूला होती. मग साडीवरून नजर न उचलता तिने विचारलं, "आन तुम्हनं, ताई?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. कळलं तेव्हा मी कातर खाली ठेवली आणि सत्तावीस वर्षांनी माझं लग्नाआधीचं नाव मोठ्याने उच्चारलं.